चावी काढल्यावर

इंजिनातली काजळी खरवडून ती कागदाच्या पुडीत बांधायची आणि गाडीच्या मालकाच्या तळहातावर ठेवायची, असं करणारा मिस्त्री मी आयुष्यात एकच पाहिला. पुडी देताना ते मालकाच्या तोंडाकडे बघत नसत. "तुमची हाये, तुमी न्या," एवढंच म्हणत आणि हात धुवायला हौदाकडे वळत. चांगले पैसेवाले बागायतदार ती पुडी अंगाऱ्यासारखी हातात धरून गोंधळून उभे राहिलेले मी पाहिले आहेत. काळी भुकटी ती, कचऱ्यात टाकायला काय हरकत होती? पण कुणाची छाती होत नसे. बहुतेक जण नारायणगावच्या पुलावर गाडी थांबवून पुडी मीना नदीत सोडत आणि मागे न बघता निघत. असं का करता म्हणून विचारलं तर एकालाही धड सांगता यायचं नाही.

त्यांचं गॅरेज वारूळवाडीच्या रस्त्याला, आमच्या रोपवाटिकेच्या थोडं अलीकडे होतं. गॅरेज म्हणजे वर पत्रा, खाली तेलाने काळी झालेली माती आणि मागे एक बाभूळ. आता तिथे मोबाइलचं दुकान झालंय. जुन्या पेट्रोल गाड्या सोडून ते कशालाच हात लावत नसत. डिझेलची जीप आली तर "ही आपल्यातली न्हाई" म्हणून परत पाठवत. नव्या, कॉम्प्युटरवाल्या गाड्यांबद्दल तर त्यांचं मत फारच वाईट होतं. "त्या गाड्या मनात काय ठेवीत न्हाईत," ते म्हणत. "जिला कार्बोरेटर न्हाई, तिच्याशी बोलायचं काय?" धंद्याच्या हिशेबाने हे स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं होतं, पण त्यांना ते सांगायच्या भानगडीत कुणी पडत नसे.

पेट्रोल पुरतं जळलं नाही की पिस्टनच्या माथ्यावर आणि हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, आतून काळा थर धरतो. मग गाडी ठोके द्यायला लागते, चढाला दम टाकते. इतर मिस्त्री हेड उतरवतात आणि हाताला लागेल त्याने तो थर खरवडतात. ह्यांच्याकडे बांबूच्या चपट्या कामट्या होत्या, स्वतः तासलेल्या. लोखंड ते आत जाऊ देत नसत. "लोखंडानं वरखडा पडतो, अन् वरखड्यात काजळी पयली घर करती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. थर डिझेलने भिजवायचा, वाट बघायची, मग आजारी माणसाचं अंग पुसावं तसं हलक्या हाताने खरवडायचं. चाललेल्या कामात ते बोटाने काजळी उचलत, अंगठ्याखाली चोळत, हुंगत, आणि मग इंजिनाकडे बघून काहीतरी बोलत. मालक बाजूला उभा असला तरी बोलणं इंजिनाशीच.

एकदा मी प्लग घ्यायला गेले होते तेव्हा द्राक्षाचा एक व्यापारी मोटारसायकल घेऊन आलेला होता. मिस्त्रींनी काजळी चोळली आणि इंजिनाला म्हणाले, "तुला दोघं चालवत्यात. एक दाबनारा, एक सोडनारा." व्यापारी हसला. म्हणाला, "मिस्त्री, घरात मी एकटा राहतो. गाडीला हात लावणारं दुसरं हाये कोण?" मिस्त्रींनी कामटी पुन्हा आत घातली. व्यापाऱ्याने जाताना हसत हसत सगळ्यांना हे सांगितलं, पण गाडीचं कुलूप त्याच आठवड्यात बदलून घेतलं. पुढे बऱ्याच महिन्यांनी तो पुन्हा काम घेऊन आला. मिस्त्रींनी बोट काळं केलं, हुंगलं आणि म्हणाले, "अजून दोघंच." त्याने ती गाडी विकून टाकली. दुसरा कोण होता ते कधीच कळलं नाही. मी त्याला नंतर बाजारात भेटले तेव्हा विषय काढला, तर त्याने टोमॅटोचे भाव सांगायला सुरुवात केली.

मी काही भुताखेतांना मानणारी बाई नाही. टोमॅटोची रोपं विकणाऱ्या माणसाला भुतापेक्षा व्हायरसची भीती जास्त. पण मिस्त्रींबद्दल लिहायचं तर आमच्या व्हॅनबद्दल लिहावं लागेल, आणि व्हॅनबद्दल लिहायचं तर मला माझ्या शहाणपणाचा फारसा उपयोग होत नाही.

आमचे आजोबा मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत जायचे. वडिलांनी मेंढरं सोडली, पण चाल सोडली नाही. जुनी पेट्रोल व्हॅन होती आमची, तिच्यातून ते रोपांचे ट्रे गावोगाव पोचवायचे. हायवे असो की शिवारातली वाट, गाडी चालायची मेंढरांच्याच पावलाने. मागून हॉर्न वाजवून लोकांचे अंगठे दुखायचे. वडील आपले काचेतून हात बाहेर काढून "जावा, जावा" करायचे. त्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. त्यामुळे डावीकडच्या सीटवर बसलं की खालून ऊब लागते. ती आईची जागा.

वडील गेले ते पारगावहून रिकामे ट्रे घेऊन परत येताना. छातीत कळ आली असणार. त्यांनी गाडी उसाच्या कडेला नीट बाजूला घेतली, बंद केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. पहिला माणूस पोचला तो ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर. भला माणूस, नंतर आमच्याकडे भेटायला आला. आईसमोर बसून त्याने सरळ मनाने सांगितलं, "मावशी, मला वाटलं झोपल्यात पावनं. गाडी चालू व्हती ना. गचकं देत व्हती, पन चालू व्हती. जवळ जाऊन बघतो तर चावी त्यांच्या हातात."

त्याचं कारण मला मिस्त्रींनी पुढे समजावलं. काजळीचा थर तापून निखाऱ्यासारखा लाल होतो. चावी काढली, ठिणगी बंद झाली, तरी तो निखाराच आत येणारं पेट्रोल पेटवत राहतो आणि इंजिन मालकाचं न ऐकता फिरत राहतं. कधी घटकाभर, कधी जास्त. वडिलांच्या चालीने जी काजळी वर्षानुवर्षं साठली होती, ती त्यांच्यानंतर थोडा वेळ जळत राहिली. मला हे पटतं. पटून काही उपयोग होत नाही, ती गोष्ट वेगळी.

आईने मात्र ट्रॅक्टरवाल्याचं बोलणं काळजात धरलं. वडील गेल्यावर व्हॅन आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. मी रोपवाटिकेत गेले की आई शेडमध्ये जायची. शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून दार आतून ओढून घ्यायची, आपल्या जागेवर बसायची, हात लांब करून गाडी चालू करायची. इंजिन चांगलं तापू द्यायची आणि मग चावी काढून घ्यायची. गाडी चालू राहायची. सीट गरम, खालून ते ठोके, आणि चावी आईच्या मुठीत. मला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिचं डोकं दुखतंय, मळमळतंय, एवढं कळत होतं. मी पित्ताच्या गोळ्या आणून देत होते.

एक दिवस ट्रे कमी पडले म्हणून दुपारीच घरी आले. शेडमधून आवाज येत होता. दार ओढलं तर आई सीटवर मान टाकून बसलेली, गाल लाल, तोंडावर हसू. हाका मारल्या तरी डोळे उघडेनात. मी तिला काखेत हात घालून ओढत बाहेर आणलं. मागे गाडीने आणखी चार गचके दिले आणि मगच ती थांबली. त्या गचक्यांचा मला इतका राग आला की तसा राग मला जिवंत माणसाचाही कधी आलेला नाही. डॉक्टर म्हणाले, बंद जागेतला गाडीचा धूर म्हणजे विष, माणूस झोपतो तो उठत नाही. आई शुद्धीवर आली आणि पहिला प्रश्न तिने विचारला, "बंद कुनी केली?"

दुसऱ्याच दिवशी मी व्हॅन मिस्त्रींकडे नेली आणि सांगितलं, "सगळी काजळी काढून टाका. चावी फिरवली की गप झाली पाहिजे."

मिस्त्रींनी सीट उचलून इंजिनावर हात ठेवला. लहान मुलाचा ताप बघावा तसा त्यांचा हात पडायचा.

"ज्याची हाये त्याला इचारलं का?"

"वडील गेले, मिस्त्री. तुम्ही दहाव्याला आला होतात."

"आलो व्हतो. मागं कोन हाये त्यांच्या?"

"आई आहे."

"मंग त्यांना आना. त्यांच्यासमूर उघडू."

मी चिडले. आईचा जीव जायची वेळ आली होती आणि ह्यांना परवानगी हवी होती. पण तिथे चिडून उपयोग नसायचा. ते शांतपणे एका स्कूटरकडे वळले होते.

आई आली, पण 'नाही' म्हणायलाच आली. पदर तोंडाला लावून डब्यावर बसली. मिस्त्रींनी तिला काही समजावलं नाही. हेड उतरवलं आणि म्हणाले, "वैनी, हिकडं या. बघून घ्या."

मीही वाकून पाहिलं. तीन पिस्टन, तिन्ही मखमलीसारखे काळे. मिस्त्रींनी डिझेलचा बोळा फिरवला आणि कामटीने एका कडेचा थर उचलला. अंगठ्याखाली चोळला. "घाई न्हाई," ते इंजिनाला म्हणाले. "कंदीच घाई न्हाई. चढाला बी गेर बदलला न्हाई."

"न्हाई बदलायचे," आई म्हणाली. "मी म्हनायचे, आवो, गाडी रडतीय. तर म्हनायचे, चढंल ती हळूहळू."

वडील गेल्यापासून ती त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच बोलली. मिस्त्री खरवडत राहिले, ती सांगत राहिली. जरा खोल गेल्यावर कामटी थांबली. खाली एक पातळ थर होता, विटकरी, करपल्यासारखा कडक. मिस्त्रींनी तो हुंगला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हितं एकदा पळवलीय," ते म्हणाले. "जीव खाऊन पळवलीय. लई दिस झालं त्याला."

आईने माझा दंड धरला. तिची नखं मला लागली. "हिला ताप डोक्यात गेला व्हता तवा," ती म्हणाली. "दोन वर्साची व्हती. पुण्यापातूर नेली. रस्त्यात एक सबुद बोलले न्हाईत."

मला तो ताप आठवत नाही. ते पळवणंही आठवत नाही. ज्यांच्या संथपणाची मी जन्मभर चेष्टा केली त्या माणसाने माझ्यासाठी एकदा गाडी पळवली होती, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि ते मला एका पिस्टनच्या माथ्यावर दिसत होतं. काजळीत असं काही उरत नाही, हे मी नंतर दोन-तीन जाणत्या लोकांना विचारून खात्री केलेली आहे.

"खरवडा," आई म्हणाली.

काम झालं, हेड बसलं. मिस्त्रींनी पुडी आईच्या हातावर ठेवली. ती नदीवर गेली नाही एवढं मला माहीत आहे. पुढे तिने पुडीचं काय केलं ते मी विचारलं नाही. गाडी चालू केली, तापू दिली, चावी फिरवली. जागच्या जागी गप. ती शांतता इतकी अचानक आली की आई दचकली, आणि मग तिथेच, सगळ्यांसमोर, ओक्साबोक्शी रडली. मला वाटलं, सुटलो.

त्यानंतर रोपांचा एक हंगाम गेला. व्हॅन मी चालवू लागले होते, पण फक्त रोपं पोचवायला; रोपवाटिकेत पायीच जायचे. आई घरातलं बघायची, पण खाणं तिचं चिमणीचंच राहिलं. ताट पुढे केलं की दोन घास चिवडायची आणि "नको" म्हणायची. तब्येत विचारली की "बरी हाये" म्हणायची आणि ताकास तूर लागू द्यायची नाही. एका संध्याकाळी मी शेडमध्ये गाडी लावली, चावी काढली आणि दार उघडायला वळले.

गाडी चालू होती.

चावी माझ्या हातात होती. सीटखालून ठोके येत होते, आधी भराभर, मग अडखळत, मग पुन्हा भराभर. खरं सांगते, भीती वाटली त्याहून जास्त आनंद झाला, आणि त्या आनंदाचीच मग भीती वाटली. समोर पाहिलं तर दारात आई उभी होती. तिचा चेहरा शांत होता, घरात पाहुणा येणार हे आधीच ठाऊक असल्यासारखा.

"आले बघ," ती म्हणाली.

मिस्त्री गॅरेज सोडून कुणाच्या दारी जात नसत. पण मी निरोप दिला आणि सकाळी ते चालत आमच्याकडे आले. शेडमध्ये जाऊन सीट उचलली, एक प्लग काढला. आई त्यांच्या शेजारीच उभी होती, आता ते वडिलांचं नाव घेतील म्हणून वाट बघत. मिस्त्रींनी प्लगवरची काजळी तळहातावर उतरवली. चोळली, हुंगली. मग त्यांनी जे केलं ते मी त्यांना कधीच करताना पाहिलं नव्हतं. मान वर करून त्यांनी सरळ आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"वैनी, ही भाऊंची न्हाई."

"मंग कुनाची?"

"भाऊंची व्हती ती चाललेल्या गाडीची. ही उभ्या गाडीची हाये. रोज उभी चालवलीय हिला कुनी तरी. चोक वढून, जादा पेट्रोल पाजून."

आई खाली बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "दार उघडं ठेवत व्हते मी. शेडचं दार पुन्यांदा लावनार न्हाई असा हिला सबुद दिला व्हता." म्हणजे मी रोपवाटिकेत असताना ती रोज गाडी जागेवर चालू ठेवून बसत होती. उभी ठेवून चालवली की काजळी लवकर धरते, हे मिस्त्रींनीच गॅरेजमध्ये सहज बोलता बोलता सांगितलं होतं. आईने ते लक्षात ठेवलं आणि नवऱ्याला परत बोलावण्यासाठी दुधाला विरजण लावावं तशी रोज काजळी लावत बसली.

"ही तुमची हाये, वैनी," मिस्त्री म्हणाले. "चावी काढल्यावर जी चालती ना, ती तुमी हायेत."

"माझी कशी?" आई म्हणाली. "मी तर हाये अजून."

"तेच सांगतोय मी."

बाहेर कुणाची तरी पाण्याची मोटार चालू होती. शेवटी मी विचारलं, "मग पुन्हा हेड उतरवायचं का?"

"न्हाई. ही वली हाये अजून, कवळी. ही खरवडायची न्हाई, जाळायची. मोठ्या रस्त्याला घ्या आन् पळवा." त्यांनी प्लग बसवला आणि मागच्या ट्रेंमध्ये जागा करून स्वतः बसले.

आई आपल्या जागेवर बसली. बायपासला लागल्यावर मी व्हॅन पळवली. आमची गाडी अशी पळू शकते हे मला माहीत नव्हतं. मागे काळ्या धुराचा लोट निघाला, मागून येणाऱ्या जीपवाल्याने शिव्या दिल्या असतील. पत्रा थडथडत होता, ट्रे एकमेकांवर आपटत होते. मला वाटलं आई घाबरेल, मी पाय उचलला.

"अजून," आई म्हणाली. "अजून पळव."

मंचरच्या दिशेला बरंच पुढे गेल्यावर धूर विरळ झाला, मग दिसेनासा झाला. रस्त्याकडेला एक मिसळीचं हॉटेल होतं, त्याच्या समोर, रस्त्याच्या अलीकडे मी गाडी थांबवली. आईने माझ्या हातावर हात ठेवून मला थांबवलं आणि चावी स्वतः काढली. इंजिन तिथल्या तिथे थांबलं. आम्ही तिघं ऐकत बसलो. तापलेलं लोखंड टिकटिक करत निवत होतं, त्यापलीकडे काही नाही.

"भूक लागलीय मला," आई म्हणाली.

मी दार उघडलं. मिस्त्री जागचे हलले नाहीत. डोळे मिटलेले, तळहात सीटखालच्या पत्र्यावर. "तुमी खाऊन घ्या," ते म्हणाले. "मी बसतो जरा."

आम्ही रस्ता ओलांडून मिसळ मागवली. बाकावरून व्हॅन समोर दिसत होती. काचा बंद, इंजिन बंद, चावी आईच्या कनवटीला. मागे मिस्त्री बसलेले, मान किंचित पुढच्या सीटकडे झुकवून. आधी मला वाटलं त्यांना डुलकी लागलीय. मग पाहिलं, ते मान हलवत होते. थांबत, ऐकत, पुन्हा हलवत. मध्येच हसले. वयाने मोठा माणूस काही सांगत असला की समोरच्याने घाई न करता मान डोलवावी, तसे.

माझा घास हातात राहिला. "आई," मी म्हटलं, "ते कुणाशी बोलतायत?"

आईने एकदाच तिकडे पाहिलं. डोळे पुसले. मग माझ्या ताटलीत लिंबू पिळलं आणि म्हणाली, "बोलू दे त्यांना. तू खा. अन् मला अजून एक पाव सांग."